लंडनमध्ये टॉवर ब्रिजशेजारी बोटीवर मुक्काम: सासूबाई आणि मुलाला घेऊन जमेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं लंडनला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. तब्येत ठणठणीत, पण उजवा गुडघा दुखरा. सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालतात, जिना असला की कठडा धरून एकेक पायरी.

हॉटेलं शोधताना सेंट कॅथरीन डॉक्समधल्या, म्हणजे टॉवर ब्रिजच्या अगदी शेजारच्या मरीनामधल्या (खाजगी बोटी उभ्या करायच्या छोट्या बंदरातल्या) बोटी दिसल्या. रात्रीच्या भाड्याने मिळतात. फोटो पाहिल्यापासून मुलगा दुसरं काही ऐकायलाच तयार नाही. सासूबाईंचं बालपण खाडीकाठी गेलंय, वडिलांची होडी होती, त्यामुळे त्यांच्याही मनाने घेतलंय. घाबरतेय ती मी एकटीच.

रात्री बोट हलते का? बाथरूमचं कसं असतं? ऑक्टोबरात आत थंडी वाजते का? पाचही रात्री तिथेच काढाव्यात की एक-दोन? बुकिंग करण्याआधी मालकाला नेमकं काय विचारायचं? ज्यांनी असं राहून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

डोलकाठी

रानजाई, मी लंडनमध्ये चार वर्षं बोटीवर राहिलोय. दोन वर्षं थेट थेम्सवर, दोन बंद गोदीत. त्या अनुभवावरून सांगतो.

बोट हलते का, हा तुमच्यासाठी दुय्यम प्रश्न आहे. चढायचं-उतरायचं कसं, हे सासूबाईंच्या दृष्टीने आधी बघा.

थेम्सला लंडनपर्यंत आणि त्याच्याही वर, टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत भरती-ओहोटी असते. उधाणाच्या दिवसांत लंडन ब्रिजपाशी पाण्याची पातळी सुमारे ७ मीटर वर-खाली होते, आणि तेही दिवसातून दोनदा. म्हणजे दोन मजल्यांचा फरक. नदीत उभी असलेली बोट पाँटूनसकट, म्हणजे तरंगत्या धक्क्यासकट, खाली जाते. काठावरून तिथे उतरणारा रॅम्प एका टोकाला बिजागरीवर असतो. भरतीला तो जवळजवळ आडवा असतो, ओहोटीला घसरगुंडी होते. पावसात ओला झालेला तो रॅम्प मी दोन्ही हातांनी कठडे धरून चढलोय, आणि माझे गुडघे तेव्हा तिशीतले होते. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून 'सकाळी रॅम्प सोपा असतो' असं काही ठरवता येत नाही. शिवाय क्लिपर, म्हणजे नदीवरच्या वेगवान प्रवासी बोटी, गेल्या की त्यांच्या लाटांनी सगळं डुचमळतं.

सेंट कॅथरीन डॉक्सचं वेगळं आहे. थॉमस टेलफर्डने बांधलेली ही गोदी १८२८ साली सुरू झाली. ओहोटीतही जहाजं तरंगती राहावीत, माल उतरवता यावा, म्हणून नदी आणि गोदी यांच्यामध्ये दरवाजे घातले. त्यालाच लॉक म्हणतात. ते फक्त भरतीच्या आसपास चालतं, साधारण भरतीच्या दोन तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंत. एरवी पाणी आत अडवलेलं असतं, त्यामुळे बाहेर नदी दोन मजले खाली गेली तरी आतल्या बोटी जवळपास तिथल्या तिथेच राहतात. (ही गोदी खणायला ११ हजारांवर माणसांची घरं पाडली होती. त्या पाण्याकडे बघताना मला ते नेहमी आठवायचं. १९६८ मध्ये मालवाहतूक बंद झाली, मग मरीना आला.)

तेव्हा जागेची निवड चांगली आहे. आता बोट नीट निवडा. शिडाच्या यॉटमध्ये केबिनमध्ये उतरायला उभी शिडी असते. तोंड शिडीकडे करून, पायाने पायरी चाचपत उलटं उतरायचं. दुखऱ्या गुडघ्याला ते दिवसातून दहादा नको. शक्यतो जुनी रुंद डच बार्ज बघा. ती मालवाहू बोट, पोट मोठं, आत उभं राहता येतं, आणि बऱ्याच बार्जेसना घरासारखा जिना बसवलेला असतो. मालकाकडून दोन फोटो मागवा: पाँटूनवरून डेकवर पाय टाकतो ती जागा, आणि डेकवरून आत जाणाऱ्या पायऱ्या. सूर्यास्ताचे फोटो सगळेच टाकतात, पायऱ्यांचा कुणी टाकत नाही.

अबोली

आम्ही तीन वर्षांपूर्वी लंडनमधल्याच दुसऱ्या एका मरीनामध्ये शिडाच्या यॉटवर दोन रात्री राहिलो होतो. दोघं आणि दोन मुलं. मुलांना आजही ती सहल आठवते. पण काही गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते.

सामान: आमच्या दोन मोठ्या कडक सुटकेस पाँटूनवरच अडकल्या. दारातून आत जाईनात, आणि जाऊन ठेवणार तरी कुठे? शेवटी रात्री साडेनऊला पाँटूनवर बसून कपडे पिशव्यांत भरले आणि रिकाम्या बॅगा डेकवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस. कापडी, घडी होणाऱ्या बॅगा न्या.

टॉयलेट: आमच्या बोटीवर हाताने पंप मारायचं होतं. कमोडच्या शेजारी एक दांडा आणि एक छोटी कळ. कळ एकीकडे केली की बाहेरचं पाणी आत येतं. दहा-पंधरा वेळा दांडा वर-खाली करायचा, मग कळ फिरवायची आणि पुन्हा पंप मारून भांडं कोरडं करायचं. कळ फिरवायला विसरलात तर भांड्यात पाणी चढत राहतं. कागद आत टाकायचा नाही, त्यासाठी वेगळी पिशवी. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला ते जमेना. रात्री तीनला मीच उठायची. बंद मरीनामध्ये मैला पाण्यात सोडायला मनाई असते, तो बोटीतल्या टाकीत साठतो, आणि चौघं असलो की टाकी भराभर भरते. मालकाला तीन गोष्टी विचारा: टॉयलेट विजेवर चालतं की हाताने, टाकी केव्हा रिकामी केली, आणि मरीनाच्या काठावरच्या बाथरूमची किल्ली किंवा कोड पाहुण्यांना मिळतो का. आम्ही आंघोळी काठावरच उरकल्या. बोटीवरच्या शॉवरचं पाणी चार मिनिटांत कोमट झालं.

दव: थंडीत सगळ्यांच्या श्वासाची वाफ खिडक्यांवर बसते. सकाळी डोक्याशेजारच्या काचेवरून थेंब ओघळून उशी ओली. गादीची खालची बाजूही दमट लागत होती. छतातली एक झडप बोटभर उघडी ठेवा, थंडी वाजली तरी.

बोट हलायची म्हणाल तर नगण्य. शेजारून कुणी पाँटूनवर चालत गेलं की किंचित डुलायची. वारा सुटल्यावर मात्र डोलकाठीवर दोऱ्या आपटून टिंग टिंग आवाज रात्रभर. मला आवडला, नवऱ्याला झोप लागली नाही.

कातळ

वेगळं मत मांडतो. पहिल्यांदाच लंडनला जात असाल तर पाच रात्री बोटीवर नकोच. दिवसभर पायपीट करून आल्यावर ज्येष्ठ माणसाला गरम पाण्याची खात्रीची आंघोळ आणि उंच पलंग लागतो. हॉटेल घ्या, आणि बोटीच्या दोन रात्री सहलीच्या मधोमध ठेवा. पहिली रात्र तर मुळीच नको. विमानातून उतरून, झोपेचं खोबरं झालेलं असताना, अंधारात नवी बोट समजून घेणं कठीण जातं. मोठं सामान हॉटेलातच राहू द्या. परत तिथेच येणार असाल तर बहुतेक हॉटेलं ते सांभाळतात.

पाणकोंबडी

नदीच हवी असा हट्ट नसेल तर कालवासुद्धा बघा. पॅडिंग्टनजवळच्या लिटल व्हेनिसला रीजंट्स कॅनॉल सुरू होतो आणि पूर्वेला लाइमहाउस बेसिनला थेम्सला मिळतो. १८२० पासूनचा आहे. पाणी संथ, काठ सपाट, भरती-ओहोटीचा संबंध नाही. मी तिथे नॅरोबोटवर आठवडाभर राहिलेय आणि पुन्हा जाईन.

पण नावाप्रमाणे ती अरुंद असते. बाहेरून जेमतेम ६ फूट १० इंच, आतून त्याहून कमी. लांबीला मात्र ७० फुटांपर्यंत. चौघं म्हणजे कुणालातरी जेवणाचं टेबल मोडून त्यावर गादी घालून झोपावं लागतं, आणि रात्री उठणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. कुटुंबासाठी रुंद वाइडबीम बघा.

अजून एक. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. बोट खाजगी वापराच्या परवान्यावर असेल तर ती पाहुण्यांना भाड्याने देता येत नाही, त्याला व्यावसायिक परवाना लागतो. काही मालक गुपचूप देतात. ज्यांना कायमची जागा नाही त्या बोटींना साधारणपणे १४ दिवसांत हलावंही लागतं, म्हणजे नकाशावर पाहिलेली जागा तुमच्या तारखेला तीच असेल असं नाही. माझ्या मैत्रिणीने एका ठिकाणी बुकिंग केलं आणि आदल्या दिवशी निरोप आला, बोट आता दोन मैल पुढे आहे. तेव्हा परवाना आणि पैसे देणाऱ्या पाहुण्यांसकट विमा आहे का, दोन्ही लेखी विचारा. मरीनामध्ये असाल तर मरीनाची परवानगीही. सरळ उत्तर मिळालं नाही तर पुढे बघा.

डोलकाठी

पाणकोंबडी यांनी परवान्याचं लिहिलं ते फार गरजेचं होतं. त्याला जोडून वीज आणि गॅस.

मरीनामध्ये बोटीला काठावरच्या खांबावरून वीज मिळते. निळं, गोल, जाड प्लग असलेली केबल. बहुतेक ठिकाणी ती १६ अँपिअरची असते. चहाची किटली ३ किलोवॉटची असेल तर एकटी १३ अँपिअर खेचते. २ किलोवॉटचा हीटर जवळपास ९. दोन्ही एकदम लावले की बेरीज २२, आणि खांबावरचा ब्रेकर पडतो. रात्री सगळी बोट काळीकुट्ट. घाबरण्यासारखं काही नसतं, पण तो ब्रेकर कुठे आहे, कुलपात आहे का, हे पोचल्याबरोबर मालकाकडून दाखवून घ्या. चहा करायचा तर हीटर बंद, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. डिझेलवर चालणारं हीटिंग असेल तर हा प्रश्नच येत नाही, आणि ऑक्टोबरअखेरीस मी तरी तेच असलेली बोट घेईन.

स्वयंपाकाला गॅस सिलिंडर असेल तर वापर झाल्यावर सिलिंडरचा कॉक बंद करा, नुसता शेगडीचा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून तरी जातो, बोटीत तळाशी साठतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा. आत शिरल्यावर त्याचं बटण दाबून आवाज येतो का ते बघा. लाकडाची शेगडी असेल तर रात्री ती धुमसत ठेवून झोपू नका. या एका बाबतीत कुणाचाही संकोच बाळगू नका.

मुलासाठी: पाँटूनवर आणि डेकवर लाइफजॅकेट, पोहता येत असलं तरी. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा जातो, चांगला पोहणाराही धडपडतो. पडलंच कुणी तर हातपाय न मारता पाठीवर तरंगून श्वास ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं, हे त्याला आधी समजावून सांगा. पाँटूनवरच्या शिड्या कुठे आहेत ते दाखवा. तुम्ही मागून उडी टाकू नका. नदीत कुणी पडलेलं दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

आता आनंदाचं. टॉवर ब्रिज वर्षाला साधारण ८०० वेळा उघडतो. ९ मीटरपेक्षा उंच डोलकाठीच्या बोटीने २४ तास आधी कळवलं की तो मोफत उघडून देतात. १८९४ पासून पुलावरच्या रहदारीपेक्षा बोटीचा हक्क मोठा. वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर असतं. तुमच्या मुक्कामात पूल उघडणार असेल ती वेळ लिहून ठेवा. आणि भरतीला लॉकपाशी जाऊन उभे राहा. आत यायला निघालेली बोट लॉकमध्ये शिरते, मागचं दार मिटतं, पाणी समान होतं, पुढचं उघडतं. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ आहे, पण मुलगा हलणार नाही तिथून. तुमच्याच आठवड्यात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. भरतीचं कोष्टक पाहताना त्यातली वेळ कुठली आहे ते तपासा.

रानजाई

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. खूप आभार!

कातळ म्हणतात तसं ठरवलंय. तीन रात्री हॉटेल, मधल्या दोन रात्री बोट. दोन मालकांशी बोलले. पहिला यॉटवाला, अतिशय सुंदर फोटो, पण पायऱ्यांचा फोटो दोनदा मागूनही पाठवला नाही. विम्याबद्दल 'काळजी करू नका, आजवर काही झालं नाही' एवढंच. दुसरी एक बाई, डच बार्ज. तिने विचारण्याआधीच मोजमापं पाठवली. डेकवर चढायला दोन पायऱ्यांची लाकडी पेटी आणि पकडायला दांडा, आत उतरायला पाच पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. टॉयलेट विजेवरचं, हीटिंग डिझेलचं. मरीनाचं परवानगीपत्र आणि विमाही दाखवला. बार्ज थोडी महाग आहे आणि खिडक्यांतून पूल दिसत नाही, समोर शेजारची बोटच दिसते. काय करू?

डोलकाठी

बार्ज. पूल बघायला डेकवर या, नाहीतर तीन मिनिटं चाला. न मागता पायऱ्या मोजून पाठवणारी मालकीण मिळणं हे खिडकीतून पूल दिसण्यापेक्षा मोठं आहे.

अबोली

बार्जच! आणि प्रत्येकाला एक छोटा टॉर्च, मऊ तळव्याचे पांढऱ्या सोलचे बूट. काळ्या सोलचे डाग डेकवर पडतात, मालकांना ते आवडत नाही. फोडणीचा स्वयंपाक टाळा. वास गाद्यांत बसतो आणि अलार्म वाजतो. आम्ही मेतकूट-भातावर भागवलं.

रानजाई

काल परत आलो. ज्यांच्या सल्ल्यावर गेलो त्यांना सांगायलाच हवं.

सासूबाई पहिल्या दिवशी पाँटूनवर थांबल्या. पेटीवर एक पाय ठेवून, दांडा धरून, बोट किती झुकते ते आधी अजमावलं आणि मगच दुसरा पाय उचलला. मालकीण हात द्यायला पुढे झाली, तर म्हणाल्या, 'राहू दे, बघते मी.' पुढचे दोन दिवस त्यांनी आम्हालाच तसं चढायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लॉकवर गेलो. बाहेर नदी इतकी खाली गेली होती की काठाच्या भिंतीवरचं शेवाळ आणि त्याखालचा चिखल उघडा पडला होता, आणि मागे वळून पाहिलं तर गोदीत पाणी काठोकाठ. सासूबाई त्या ओल्या भिंतीकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, 'हे उधाणाचं दिसतंय, भांगाला इतकं आटत नाही.' (भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो ते दिवस.) नवऱ्याने फोनवर कोष्टक काढलं. त्यांचं बरोबर होतं. दुपारी भरतीला परत गेलो तेव्हा दोन बोटी आत येताना पाहिल्या. एका बोटीवरच्या माणसाने मुलाकडे दोरी टाकून क्षणभर धरायला दिली. ती दोरी किती ओली आणि जड होती हे तो अजून सांगतोय.

अडचणी आल्याच. पहिल्या रात्री मीच किटली आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावलं आणि अंधार झाला. ब्रेकर दाखवून घेतला होता म्हणून दोन मिनिटांत वीज आली. शुक्रवार असल्याने आजूबाजूच्या खानावळींचा गलका उशिरापर्यंत होता. सासूबाईंना काही वाटलं नाही, मला कापसाचे बोळे लागले. झडप उघडी ठेवली, तरी काचांवर दव होतंच. टॉवेल जास्तीचे नेले होते ते कामी आले. आंघोळी काठावरच्या बाथरूममध्ये केल्या.

दोन रात्री आम्हाला पुरेशा होत्या. मुलाला नव्हत्या.

नवखा_प्रवासी

रानजाई, धागा आत्ताच वाचला. माझ्या वडिलांना घेऊन जायचंय, ते काठी घेऊन चालतात. त्या आतल्या पाच पायऱ्या घरातल्या जिन्याएवढ्याच उंच होत्या की जास्त?

रानजाई

जास्त. घरच्या पायरीपेक्षा चार बोटं तरी उंच, आणि पाऊल टेकवायला जागा कमी. सासूबाई उतरताना आडव्या होऊन, दोन्ही हात एकाच कठड्यावर ठेवून उतरायच्या. काठी आधी खाली कुणाच्या तरी हातात द्यावी लागेल. पाँटूनच्या फळ्यांमध्ये फटीही असतात. काठीच्या टोकाला रुंद रबर आहे ना ते बघून ठेवा. मालकिणीला त्यांच्या काठीचं आधीच कळवा, ती पेटी बदलून मोठी फळी लावू शकते असं मला म्हणाली होती.